हाडांना वाढदिवस ठाऊक नसतो

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. निवृत्तांच्या मेळाव्यात, बँकेच्या रांगेत, आधार कार्डावर ही तारीख हमखास भेटते. त्या दिवशी एवढी मुले खरोखर जन्मली नव्हती. घरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. 'मोठ्या पुराच्या वर्षी', 'थोरलीच्या लग्नानंतरच्या दिवाळीत' एवढीच आठवण असायची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला पहिलीत घ्यायचे होते, म्हणून गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि तारीख घातली १ जून. आज त्यावर विनोद होतात, बाकी कुणाचे काही अडत नाही.

ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेल्या अनेकांच्या कागदांवर असाच एक दिवस दिसतो : १ जानेवारी. पण तिथे या अंदाजावर फार काही अवलंबून असते. अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया, इराण, व्हिएतनाम अशा देशांतून आई-वडिलांशिवाय, कुणा मोठ्या माणसाशिवाय तिथे पोहोचलेल्या मुलाला पहिल्या काही प्रश्नांतच विचारले जाते : जन्म कधीचा? उत्तर अठराच्या आतले मानले गेले तर एक वाट, नाही तर दुसरी. आणि ते उत्तर तपासण्यासाठी आता वैद्यकाकडे, म्हणजे मुलाच्या दातांकडे, हाडांकडे आणि चेहऱ्याकडे बोट दाखवले जाते.

अठराच्या अलीकडे, अठराच्या पलीकडे

इंग्लंडमध्ये १९८९च्या बालक कायद्यानुसार, ज्याची जबाबदारी घेणारे कुणी नाही अशा मुलाला निवारा देणे हे स्थानिक काउन्सिलचे कर्तव्य आहे. ते मूल कोणत्या देशाचे, कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न तिथे गैरलागू ठरतो. बहुतेक मुले लहान बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून किंवा मालमोटारींत लपून येतात. त्यामुळे डोव्हर बंदर ज्या केंट काउंटीत आहे, तिच्यावर वर्षानुवर्षे सर्वाधिक भार पडत आला. म्हणून २०१६ मध्ये मुलांना देशभरातल्या काउन्सिलांमध्ये वाटून देण्याची योजना सुरू झाली आणि पुढे ती सक्तीची झाली. एखाद्या काउन्सिलकडच्या अशा मुलांची संख्या तिथल्या एकूण बालसंख्येच्या ०.१ टक्क्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्याकडे मुले पाठवता येतात. आकडा म्हणून पाहिले तर हे प्रमाण हजार मुलांमागे एक असे आहे.

'मूल' म्हणून नोंद झालेल्याला समाजसेवक मिळतो. वय आणि गरज पाहून एखाद्या प्रतिपालक कुटुंबात किंवा देखरेखीच्या घरात जागा मिळते. शाळा किंवा कॉलेज मिळते. कामाच्या २० दिवसांच्या आत संपूर्ण वैद्यकीय तपासणी होणे अपेक्षित असते. वकील मिळवून देणे, आश्रयाच्या मुलाखतीला सोबत जाणे, हे सारे त्या जबाबदारीत येते.

'प्रौढ' म्हणून नोंद झालेल्याला यातले जवळपास काहीच मिळत नाही. त्याला अनोळखी प्रौढांसोबत हॉटेलात किंवा वसतिगृहात एका खोलीत राहावे लागते, प्रसंगी स्थानबद्ध केले जाते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चुकून या बाजूला गेला तर त्याच्यावर लक्ष ठेवणारे कुणीच उरत नाही.

ही चूक किती वेळा होते? सीमेवर दोन अधिकाऱ्यांना एखाद्याचे रूप आणि वागणे अठराच्या बरेच पुढचे वाटले, तर त्याला तिथल्या तिथे प्रौढ ठरवता येते. हेलन बॅम्बर फाउंडेशन आणि तिच्या सहयोगी संस्थांनी काउन्सिलांकडून माहिती मागवून जानेवारी २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जानेवारी २०२२ ते जून २०२३ या दीड वर्षात सीमेवर प्रौढ ठरवली गेलेली, पण नंतर मुलेच असल्याचे आढळलेली किमान १,३०० मुले त्यात मोजली गेली.

उलट बाजूची काळजीही खोटी नाही. पंचविशीतला माणूस सोळाचा म्हणून शाळेच्या वर्गात किंवा मुलांच्या घरात राहिला, तर इतर मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न येतोच. त्यामुळे 'कुणाचेच वय तपासू नका' हे उत्तर होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो कसे तपासायचे आणि शंका उरली तर ती कुणाच्या बाजूने धरायची, हा.

तारीख का सांगता येत नाही?

वय न सांगता येणे म्हणजे लपवणे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जगातल्या कोट्यवधी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नसते. अफगाणिस्तानात जुन्या पद्धतीच्या 'तझकिरा' या ओळखपत्रावर जन्मतारखेऐवजी 'अमुक साली इतक्या वर्षांचा' असा उल्लेख असतो. तिथले सौर वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होते आणि त्याचा आकडा इंग्रजी सनापेक्षा सहाशेहून अधिक वर्षांनी मागे असतो. इथिओपियाची दिनदर्शिका इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. दुभाष्याने घाईत रूपांतर केले, की वर्षाचा फरक सहज पडतो, आणि तोच फरक पुढे 'विसंगती' म्हणून फाइलीत बसतो.

दुसरे कारण स्मरणशक्तीचे. जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आधीच मिळालेल्या, म्हणजे खोटे बोलण्याचे काही कारण नसलेल्या कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना त्यांनी तीच घटना दोन वेगवेगळ्या वेळी विचारली. दोन्ही वेळच्या सांगण्यात तफावत सर्रास आढळली. घटनेच्या गाभ्यापेक्षा कडेच्या तपशिलांत ती जास्त होती. ज्यांना आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणे जास्त होती, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर वाढले तशी तफावतही वाढली. हे प्रौढांचे झाले. वाळवंट, तुरुंग आणि समुद्र पार करून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून तारखांचा काटेकोर हिशेब मागणे किती रास्त, हे यावरून उमगावे.

मनगट, अक्कलदाढ आणि दोन वर्षे

मग शरीरालाच विचारले तर? ही कल्पना आकर्षक आहे आणि तिला शास्त्राचा आधारही आहे, पण तो थोडा आहे.

लहान मुलाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड तिथून लांबीला वाढते. पौगंडावस्था सरता सरता ही पट्टी हाडात रूपांतरित होऊन मिटते. एक्स-रेमध्ये ती उघडी, अर्धवट मिटलेली की पूर्ण मिटलेली, हे दिसते. मनगटाच्या हाडांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा ग्रॉयलिश आणि पाइल यांचा नकाशासंग्रह १९५० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्यातली चित्रे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड परिसरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या गोऱ्या मुलांची आहेत आणि ती १९३०-४०च्या दशकांत घेतलेली आहेत. त्याचा मूळ उपयोगही वेगळा. मुलाचे वय आधीच ठाऊक असते आणि त्याची वाढ वयाच्या मानाने पुढे आहे की मागे, हे बालरोगतज्ज्ञाला पाहायचे असते. वयनिश्चितीत हाच प्रश्न उलटा फिरवला जातो : वाढ दिसते आहे, तर वय किती?

उलट्या प्रश्नाचे उत्तर तितके पक्के येत नाही. एकाच वयाच्या मुलांची हाडे वेगवेगळ्या वेगाने परिपक्व होतात. आनुवंशिकता, पोषण, दीर्घ आजार आणि पौगंडावस्था कधी सुरू झाली, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. काही मुलांच्या मनगटाच्या पट्ट्या सतराव्या वर्षीच पूर्ण मिटतात, काहींच्या विशी जवळ आल्यावर. म्हणजे पूर्ण मिटलेले मनगट 'हा अठरा वर्षांचा आहे' असे सांगत नाही, 'याची वाढ पूर्ण झाली आहे' एवढेच सांगते. अक्कलदाढेची मुळे साधारण सोळाव्या वर्षापासून विशीच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही पूर्ण होऊ शकतात आणि काहींना अक्कलदाढ येतच नाही. छातीच्या मधोमध जुळणारे गळ्याखालचे हाड सर्वांत शेवटी, विशीत मिटते. पंचवीस आणि पंधरा यांतला फरक या खुणा बऱ्यापैकी दाखवतात. वाद मात्र सोळा ते एकोणीस या पट्ट्यातलाच असतो, आणि नेमकी तिथेच मोजपट्टी धूसर होते.

भारतीय वाचकांना हा मुद्दा नवा नाही. न्यायालयाच्या बातम्यांत 'ऑसिफिकेशन टेस्ट' हा शब्द येतो, ती हीच चाचणी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२च्या जयामाला प्रकरणात, एक्स-रेवरून ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे नमूद केले होते. आपल्या २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रमही स्पष्ट आहे : आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. म्हणजे हाडांची साक्ष सर्वांत शेवटी.

ब्रिटनमध्ये २०२२च्या कायद्याने वयनिश्चितीसाठी शास्त्रीय चाचण्यांचा मार्ग खुला केला. त्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्याची भाषा सावध आहे. दात व मनगटाचे एक्स-रे आणि गुडघा व गळ्याखालच्या हाडाचे एमआरआय एकत्र पाहावेत, पण त्यातून 'वय अमुक' असा निष्कर्ष काढू नये. मुलाने सांगितलेले वय शक्य कोटीतले आहे का, एवढेच तपासावे, असे समितीचे म्हणणे होते.

डॉक्टरांचा आक्षेप मात्र अचूकतेपुरता थांबत नाही. एक्स-रेमधला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो हे खरे, पण तो ज्याच्यावर सोडायचा त्याला त्याचा उपचारासाठी काही फायदा हवा, हे वैद्यकाचे जुने तत्त्व आहे. इथे फायदा प्रशासनाचा. शिवाय संमतीचे काय? योग्य कारणाशिवाय चाचणीला नकार दिला तर मुलाच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. नकाराची किंमत मोजावी लागणार असेल, तर होकाराला मोकळा होकार कसे म्हणायचे? ब्रिटिश दंतवैद्यकांच्या संघटनेने दातांच्या एक्स-रेवरून वय ठरवण्याला सातत्याने विरोध केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २०१८ मध्ये स्पेनविरुद्धच्या एका प्रकरणात एक्स-रेवर भिस्त ठेवून केलेल्या वयनिश्चितीवर ठपका ठेवला.

आता चर्चा चेहऱ्यावरून वय सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये या दिशेने पाऊल टाकण्याचा इरादा जाहीर केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २०२४ मध्ये अशा प्रणालींची चाचणी घेतली, तेव्हा त्यांतल्या चांगल्या प्रणालीचीही सरासरी चूक तीन वर्षांच्या आसपास होती, आणि ती लिंग व प्रदेशानुसार बदलत होती. खाऱ्या वाऱ्याने, उपासमारीने आणि जागरणाने ओढलेला चेहरा त्या यंत्रापुढे कसा ठरेल, याचा अंदाज करता येतो.

बसून, ऐकून, पुन्हा भेटून

एक्स-रेला पर्याय आहे आणि तो दोन दशकांहून जुना आहे. २००३ मध्ये लंडनच्या मर्टन काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने वयनिश्चितीचे निकष घालून दिले. केवळ रूपावरून निवाडा करू नये. मुलाचे घर, शाळा, भावंडे, प्रवास यांविषयी सविस्तर बोलावे. शंका असेल तर ती त्याच्यापुढे मांडून त्याला उत्तराची संधी द्यावी आणि निर्णयाची कारणे द्यावीत. त्यातून जी पद्धत रुळली तीत दोन प्रशिक्षित समाजसेवक असतात, दुभाषा असतो आणि मुलाच्या बाजूने बसणारे एक स्वतंत्र प्रौढ माणूस असते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रॉयडन काउन्सिलच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले : एखादी व्यक्ती मूल आहे की नाही, ही वस्तुस्थितीची बाब आहे आणि वाद झाला तर तिचा निर्णय न्यायालय करील.

ही पद्धत वेळखाऊ आहे आणि तीही चुकते. पण मुलगा वर्गात कसा वागतो, घरात कुणाशी जुळवून घेतो, हे आठवड्यांमागून आठवडे पाहणाऱ्यांचे मत तीत येते. एका दुपारच्या एक्स-रेला ते दिसत नाही. इटलीने २०१७च्या झांपा कायद्यात याच धर्तीची तरतूद केली. वयनिश्चिती अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून करायची आणि त्यानंतरही शंका उरली, तर ते मूलच आहे असे धरून चालायचे.

पहिले औषध : झोप

अठराच्या अलीकडची वाट मिळाली, की आरोग्याचे खरे काम सुरू होते. पहिल्या तपासणीत बहुधा खरूज, पायांच्या जखमा, किडलेले दात, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असे काहीबाही सापडते. क्षयरोग आणि हिपॅटायटिस 'बी'ची तपासणी होते. लसीकरणाची खात्रीलायक नोंद नसेल, तर लस घेतलेलीच नाही असे धरून वेळापत्रक पुन्हा सुरू करायचे, असा तिथला नियम आहे. ही दुखणी बरी होतात. अवघड असते ती रात्र.

केंटमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना काही वर्षांपूर्वी एक गोष्ट जाणवली. मुले रात्रभर जागी असत आणि दिवसा वर्गात पेंगत. त्याला एक साधे कारण होते. महिनोन्महिने त्यांनी रात्री प्रवास केला होता आणि दिवसा लपून झोप काढली होती. रात्र म्हणजे धोका आणि दिवस म्हणजे झोप, हेच शरीराच्या घड्याळात बसले होते. त्यावर दुःस्वप्नांची भर. म्हणून तिथे मुलांना 'स्लीप पॅक' देण्यास सुरुवात झाली. त्यात छोटा रात्रदिवा आणि झोपेविषयी सोप्या शब्दांतली माहिती अशा साध्या वस्तू होत्या. सांभाळणाऱ्या मोठ्यांनाही सांगितले गेले की, हा आळस नव्हे, घड्याळ हळूहळू सरकवावे लागते. झोप सुधारली की चिडचिड कमी होते, शिकणे सुरू होते आणि मनातले बोलण्याची ताकदही येते.

मनाच्या जखमा मोठ्या असतात. ब्रिटनमध्ये एकट्या आलेल्या २२२ अफगाण मुलग्यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये आघातानंतरच्या ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, दाट शक्यता दिसली. वाट्याला आलेल्या आघातांची संख्या हे त्याचे एक कारण होते, तर आताचे राहण्याचे ठिकाण हे दुसरे. नॉर्वेतल्या १३८ मुलग्यांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, २०१७ मध्ये, हेच वेगळ्या बाजूने पुढे आले. काळ लोटला म्हणून त्रास आपोआप ओसरत नव्हता. ज्यांना कमी आधाराच्या ठिकाणी ठेवले गेले आणि ज्यांचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, त्यांचा त्रास जास्त होता. मागे काय घडले ते कुणाला बदलता येत नाही, पण इथे आल्यावर ते मूल कुणाच्या सोबतीने राहते, हे बदलता येते. औषधोपचाराइतकाच परिणाम त्याचा होतो.

सोबत नसेल तेव्हा

याचा उलटा प्रयोगही ब्रिटनने पाहिला. जागा कमी पडतात म्हणून जुलै २०२१ पासून एकट्या आलेल्या मुलांना गृहखात्याने थेट हॉटेलांत ठेवले. तिथे ती कोणत्याच काउन्सिलच्या पालकत्वाखाली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये मंत्र्यांनी संसदेत सांगितले की, तोवर ४,६०० हून अधिक मुले अशी राहिली, ४४० वेळा मुले बेपत्ता झाल्याची नोंद झाली आणि २०० मुलांचा तेव्हाही पत्ता नव्हता. मुलांची तस्करी करणाऱ्या टोळ्यांना एकटे मूल हेच हवे असते. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हॉटेलांचा असा नित्य वापर बेकायदा ठरवला.

स्कॉटलंडची वाट वेगळी आहे. तिथे २०१० पासून एकट्या आलेल्या मुलाला एक स्वतंत्र गार्डियन मिळतो. वकिलाच्या पत्राचा अर्थ सांगणारा, दवाखान्यात सोबत येणारा, बसचा पास काढायला शिकवणारा. पुढे या व्यवस्थेला कायद्याचा आधारही मिळाला. इटलीत हेच काम प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक स्वेच्छेने करतात. इंग्लंडमध्ये मात्र अशा प्रत्येक मुलासाठी ही सोय नाही.

अठरावा वाढदिवस हा यातल्या अनेकांसाठी आनंदाचा दिवस नसतो. ज्यांना निर्वासिताचा दर्जा मिळत नाही, पण परत पाठवणेही शक्य नसते, अशा मुलांना साडेसतरा वर्षांपर्यंतच किंवा अडीच वर्षांसाठी, यांतली आधी संपेल ती मुदत मिळते. त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. पुरेसा काळ काउन्सिलच्या देखरेखीत राहिलेल्यांना पंचविशीपर्यंत सल्लागाराची मदत घेता येते, पण ती मदतही आश्रयाच्या निर्णयावर हेलकावे खाते. निर्वासिताचा दर्जा मिळालेल्या मुलालाही आई-वडिलांना बोलावून घेण्याचा हक्क ब्रिटनच्या नियमांत नाही. ते कुठे आहेत हेच ठाऊक नसेल, तर रेडक्रॉसच्या शोध सेवेकडे नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. परीक्षा जवळ आली की एखादा हुशार मुलगा अचानक अभ्यास सोडतो, पुन्हा रात्री जागू लागतो. त्यामागे बहुधा ही जवळ येणारी तारीख असते.

शास्त्र इथे पुष्कळ काही देऊ शकते. झोपेचे घड्याळ कसे दुरुस्त करावे, आघातातून आलेल्या विस्मरणाला खोटेपणा का समजू नये, कोणत्या घरात मूल लवकर सावरते, हे ते सांगते. एका बाबतीत मात्र त्याचा प्रामाणिकपणा 'ठाऊक नाही' म्हणण्यात आहे. सतरा वर्षे अकरा महिने आणि अठरा वर्षे एक महिना यांतला फरक कोणत्याही हाडावर लिहिलेला नसतो. तो कायद्याने आखलेला आहे, आणि त्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला कोणत्या बाजूला घ्यायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते.

१ जून लिहिणाऱ्या गुरुजींकडेही पुरावा नव्हता. पोराची उंची, आईचे सांगणे आणि स्वतःचा अदमास एवढ्यावरच त्यांनी तारीख घातली. ती चुकली असेल, पण ती लिहिली होती पोराला शाळेत घेण्यासाठी.